गाव, भावकी, दुकान

कसोटीचा दगड काळा असतो, तळहाताएवढा. त्याच्यावर सोनं घासलं की उमटणारी रेघ नवख्याला दिसतसुद्धा नाही.

औंधात एका म्हातारीनं आपला मोबाइल बंद केला, फडक्यात गुंडाळला आणि ज्वारीच्या डब्यात खोल पुरून ठेवला. वर झाकण, झाकणावर वरवंटा.

इरोडमधल्या एका घरमालकाला कॉफी उंचावरून ओतून गार करायची सवय आहे. बोलणं जितकं महत्त्वाचं, तितका त्याचा हात वर जातो.

विट्यातल्या एका बँकेच्या काचेच्या दारावर 'ढकला' असं लिहिलंय. ते ओढावं लागतं.

लाल अक्षरं: पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि खरेदीदाराचं नाव एकच असल्याची खात्री करा.

क्रांतीच्या पाटल्या.

'दादा, चुलतीच्या खात्यातनं टाकले तर चालतील न्हवं?'

*

विट्याच्या आसपासच्या गावांत घराला कुलूप दिसलं की कुणी विचारत नाही माणसं कुठं गेली. गलाईला गेली. जुनं सोनं वितळवायचं, त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध लगड मालकाच्या हातात द्यायची, हा तो धंदा. त्यासाठी इथली माणसं केरळात गेली, बंगालात गेली, जिथं सराफ कट्टा आहे तिथं गेली. आकाराम सूर्यवंशी इरोडला गेला. मिसरूड फुटायच्या आत गेला आणि तिथंच म्हातारा झाला.

या धंद्यात कागद फार नसतो. नवा माणूस दारात उभा राहिला की आकाराम तीनच गोष्टी विचारायचा. गाव कुठलं? भावकी कुणाची? कुणाच्या दुकानात होतास? तिन्ही उत्तरं जुळली की सोनं रुमालात बांधून त्याच्या हाती द्यायला त्याला काही वाटत नसे. पैसे मागाहून यायचे. कधी मेव्हण्याच्या खात्यातून, कधी साडूच्या, कधी शेजारच्या मारवाड्याच्या. पाठवणाऱ्याचं नाव काय आहे हे कुणी बघत नसे. गाव एक होतं, तेवढं पुरे होतं. आणि खरं सांगायचं तर आकाराम या रीतीत कधी बुडाला नाही.

त्याचा थोरला शिवतेज इरोडच्या शाळेत शिकला. तमिळ लिहायला-वाचायला यायचं, म्हणून घरमालकाशी भाड्याचं, कराराचं बोलणं त्याच्याकडं असायचं. टाळेबंदीत तो विट्याला आला आणि राहिला. क्रांतीशी लग्न झालं. मोबाइलची कव्हरं विकून पाहिली. मग त्याला डॉलरचा नाद लागला.

डॉलर म्हणजे खरे नव्हेत. मोबाइलमधलं नाणं. त्याचं खरं नाव लांबलचक इंग्रजी अक्षरांचं आहे, शिवतेज नुसतं डॉलर म्हणायचा. एका ॲपवर घ्यायचे, दुसऱ्या माणसाला दोन पैसे चढवून विकायचे. घेणारा शिवतेजच्या बँकेत रुपये टाकणार, तोवर ॲप नाणी अडवून धरणार, आणि रुपये आले की शिवतेज 'मिळाले' या बटणावर बोट ठेवणार. बोट ठेवलं की नाणी गेली. गेली म्हणजे गेलीच, भट्टीत पडलेला दागिना पुन्हा दागिना होत नाही तशी. रुपयाचं तसं नसतं. तो आला तरी मागं फिरू शकतो, कुणीतरी लांबून त्याची शेपटी धरून ठेवू शकतं. एवढी एकच गोष्ट या धंद्यात समजून घ्यायची होती.

*

राजवर्धन असं नाव होतं. श्रावणातली दुपार, शिवतेज जेवून पडला होता.

'दादा, डॉलर हायत का?'

नेहमीचं गिऱ्हाईक इंग्रजीत नाहीतर हिंदीत लिहायचं. हा आपल्या बोलीत लिहीत होता. शिवतेज उठून बसला. मोठी रक्कम होती, साडेतीन लाखांची. ॲपवर राजवर्धनच्या नावापुढं हिरवी खूण होती, पण खुणा काय, विकत मिळतात. शिवतेजनं त्याला पारखायचं ठरवलं आणि घरात जे पारखणं पाहिलं होतं तेच केलं.

गाव? पिंपळखोरं. घाटमाथ्यावरचं, पाणी नसलेलं.

भावकी? मानेंची. वरच्या आळीची, खालच्या न्हवं.

कुणाच्या दुकानात? कोंडीबा मानेंच्या. कोईमतूरला. 'म्हातारा लय शिव्या घालतो दादा, पण जेवायला वाढताना हात आखडत न्हाई.'

शिवतेज एकटाच हसला. कोंडीबाला तो लहानपणापासून ओळखत होता. शिव्याही त्याच, वाढणंही तेच. एवढं पटल्यावर राजवर्धननं चुलतीचं विचारलं. आपल्या खात्याची मर्यादा संपलीय, चुलतीच्या खात्यातून टाकतो, चालेल ना. ॲपनं लाल अक्षरं दाखवली. शिवतेजनं ती बोटानं वर सरकवली. रुपये आले. पाठवणाऱ्याच्या जागी राहीबाई असं नाव होतं, आणि चुलतीचं नाव राहीबाई असायला काहीच हरकत नव्हती.

त्यानं बटण दाबलं.

*

याच खात्यात आबाचे, म्हणजे आकारामचे, पैसे होते.

हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. इरोडच्या घरमालकानं इमारत नव्यानं बांधायला काढली होती. जुन्या भाडेकरूंना खालचा गाळा द्यायला तो तयार होता, पण नवा करार आणि नवा ॲडव्हान्स. दसऱ्यापर्यंत भरा, नाहीतर गाळा दुसऱ्याला. आकारामनं विट्यातला स्वतःचा प्लॉट विकला, ज्याच्यावर म्हातारपणी बंगला बांधायचा होता तो. पैसे शिवतेजच्या खात्यात ठेवले, कारण करार शिवतेजच करणार होता. क्रांती एकदा म्हणाली होती की, अहो, आबांचे वेगळे ठेवा, धंद्याचे वेगळे ठेवा. शिवतेज म्हणाला, आबाच्या पैशाला हात लावायचा नाही, फक्त फिरवायचे. आणि दुकानात गल्ला एकच असतो, हेही तो म्हणाला. ते खरंच होतं. इरोडला एकच होता.

*

पेट्रोल पंपावर पैसे जाईनात. एकदा, दोनदा. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं की पावणं, गाडी ढकलायला येऊ का. शिवतेजनं खिशातली नोट काढून दिली आणि थेट बँकेत गेला. दार ढकललं, मग ओढलं.

संयोगिता मॅडम नव्यानंच बदलून आल्या होत्या, समजावून सांगणाऱ्या होत्या. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. सातारा जिल्ह्यातून तक्रार आहे, तुमच्या खात्यात आलेली रक्कम फसवणुकीची आहे, खातं गोठवायला सांगितलंय. सगळं? सगळं. आमच्या हातात काही नाही. मग त्यांनी विचारलं, या राहीबाईंना तुम्ही ओळखता का?

"चुलती हाय," शिवतेज म्हणाला. "म्हणजे माझी न्हाई. गिऱ्हाइकाची."

मॅडमनी त्याच्याकडं पाहिलं आणि पत्राची घडी घातली.

राजवर्धनचा फोन लागत नव्हता. ॲपवरचं त्याचं नाव करडं झालं होतं. शिवतेजनं कोईमतूरला फोन केला. कोंडीबानं आधी एक शिवी हासडली, मग ऐकून घेतलं. असा एक पोरगा होता, तो म्हणाला. पिंपळखोऱ्याचा, वरच्या आळीचा. पावसाळाभर राहिला आणि न सांगता गेला. सोन्याला हात लावला नव्हता, म्हणून कुणाला सांगितलं नाही.

शिवतेजनं ते ऐकलं आणि त्याला उगाच धीर आला. आपली पारख बरोबर होती. पोरगा होता. पिंपळखोरं होतं. फोन ठेवल्यावर मग हळूहळू कळत गेलं की याचा काही उपयोग नाही. पिंपळखोऱ्यात त्या घराला कुलूप होतं, आणि कुलूप दिसलं की तिथं कुणी विचारत नाही.

*

साताऱ्यातला पोलीस अधिकारी तरुण होता. त्यानं चहा मागवला आणि सरळ सांगितलं. तुमच्या डॉलरचं मला काही दिसत नाही, ते कुठल्या कुठं गेले. मला दिसतंय ते एवढंच: या बाईंच्या खात्यातून निघाले ते तुमच्या खात्यात आले. मधे कुणी नाही. चोर मधे नाहीच. कागदावर तुम्ही दोघंच आहात.

कोर्टात अर्ज करा, तो म्हणाला, दिवाळीनंतरची तारीख मिळेल. शिवतेजनं दसऱ्याचं सांगितलं, इरोडचं सांगितलं, आबाचं सांगितलं. अधिकाऱ्यानं मान हलवली. मग म्हणाला, एक आहे. त्या बाईंनी लिहून दिलं की या माणसाविषयी माझी तक्रार नाही, तर बाकीच्या रकमेवरची पकड सोडावी म्हणून मी वर लिहू शकतो. पण मी त्यांना सांगणार नाही. तुम्हीही धमकावलंत असं कानावर आलं तर बघा.

म्हणजे एक सही. आबाचं दुकान आणि शिवतेज यांच्यामध्ये एका म्हातारीची एक सही उरली होती.

क्रांतीनं पाटल्या स्वतःहून काढून दिल्या. तिनं रागावावं असं शिवतेजला वाटत होतं. ती रागावली नाही. विट्यातल्या सराफानं पाटल्या घासून पाहिल्या, तोलल्या, आणि आलेले पैसे शिवतेजनं रुमालात बांधले. आबा सोनं बांधायचा तसे, चारी टोकं उलटसुलट घेऊन. म्हातारीचे पैसे म्हातारीला हातात द्यायचे आणि सही घ्यायची. यात तिचं काहीच जात नव्हतं.

*

औंधात मूळपीठाच्या डोंगराखाली राहीबाईंचं घर. नवरा पलटणीत सुभेदार होता, तो वारला. मुलगा पुण्यात, मुलगी फलटणला दिलेली. शेजारी चांदसाहेबांचं बांगड्यांचं दुकान. पोलिसांत तक्रार द्यायला तेच बाईंना घेऊन गेले होते, आणि शिवतेज ओट्यावर टेकताच तेही बांगड्यांचा जोड पुसत पुसत येऊन बसले.

शिवतेजनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. सांगताना त्याचा त्यालाच आवाज चांगला वाटला, प्रामाणिक माणसाचा. राहीबाई ऐकत होत्या. मधे एकदा उठून त्यांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मग त्यांनी विचारलं,

"गाव कुठलं म्हणालास?"

"विटं."

"भावकी?"

"सूर्यवंश्यांची. वडील आकाराम. इरोडला गलाईचं दुकान हाय, मावशी. तिथल्या कुणालाबी इचारा."

"समदं बरूबर सांगितलंस," राहीबाई म्हणाल्या. त्यांनी पदर सारखा केला. "त्यानं बी समदं बरूबरच सांगितलं हुतं."

तो पेन्शनीच्या हापिसातून बोलतोय म्हणाला होता. हयातीचा दाखला आता फोनवरच होतो, काकी, तुम्हाला साताऱ्याला हेलपाटा नको. राहीबाई काही कच्च्या नव्हत्या, त्यांनी विचारलं की तू कुठला. घाटमाथ्यावरचा, तो म्हणाला. पिंपळखोऱ्याचा, मानेंच्या भावकीतला. राहीबाईंची मावसबहीण त्या गावात दिलेली. त्यांनी तिच्या घराची खूण विचारली, त्यानं दारातला उंबर सांगितला. मग फोनवर आलेला आकडा त्यांनी त्याला वाचून दाखवला.

"हा मावशी म्हनतोय, त्यो काकी म्हनत हुता," चांदसाहेब म्हणाले. "एवढाच काय त्यो फरक. नाती लय झाली, रं गड्या, तुमच्या धंद्यात."

शिवतेजनं रुमाल पुढं ठेवला आणि गाठी सोडल्या. तुमचे पैसे, तो म्हणाला. पूर्ण. मोजून घ्या. कागदावर फक्त एवढं लिहायचं की माझ्याविषयी तक्रार नाही.

राहीबाईंनी रुमालाला हात लावला नाही. त्या पैशांकडं पाहात राहिल्या, चुलीतल्या निखाऱ्याकडं पाहावं तसं.

"तू चोर न्हाईस म्हनतूस," त्या म्हणाल्या.

"न्हाई, मावशी."

"मग पैसं कशाला देतूस?"

त्याच्याकडं उत्तर होतं. खातं, होल्ड, दसरा, गाळा. त्यानं ते पुन्हा सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यात त्याच्या लक्षात आलं की चोरानंही असंच सांगितलं असतं, कदाचित याहून सोपं करून.

चांदसाहेबांनी राहिलेलं सांगितलं. पहिले पैसे गेल्यावर महिनाही झाला नव्हता, एका वकिलाचा फोन आला. तुमची रक्कम सापडली, परत करायची आहे, तेवढी एक फी आणि एक आकडा. बाईंनी सुनेचं नाव घालून ठेवलेली ठेव मोडली होती. तीही गेली. पैसे परत देतो म्हणणाऱ्यानंच दुसऱ्यांदा नेले. तेव्हापासून फोन ज्वारीच्या डब्यात आहे.

"तुझ्यावर राग न्हाई माझा," राहीबाई म्हणाल्या. "तू खरा बी असशील. चेहऱ्यावरनं तसाच दिसतूस. पर ह्या हातानं म्या आता कशावरच सही करनार न्हाई, बाळा. पेन्शनीच्या दाखल्यावर बी न्हाई केली."

शिवतेजला कळलं नाही. दाखला दिला नाही तर पेन्शन थांबेल, तो म्हणाला. सरकार तुम्ही गेलात असं धरून चालेल.

"धरू दे की."

चांदसाहेबांनी मान खाली घातली. हे त्यांनीही बऱ्याचदा सांगून पाहिलं असावं.

तो उठायला लागला तेव्हा राहीबाईंनी त्याला बसवलं. पावट्याची आमटी होती, भाकरी होती. "जेव," त्या म्हणाल्या. "जेवायला सही लागत न्हाई." त्यांनी दोनदा वाढलं. वाढताना हात आखडला नाही.

*

पुसेसावळी. कडेगाव. गाडी आपोआप चालत होती. रुमाल पोटाशी होता, सगळा तसाच, आणि त्याचं करायचं काय हे त्याला कळत नव्हतं. पाटल्या परत घ्याव्यात तर त्या एव्हाना वितळल्या असणार.

राहीबाईंच्या मुलाचा पुण्यातला नंबर त्यानं मिळवला. मुलानं ऐकून घेण्याआधीच फोन ठेवला आणि नंबर अडवून टाकला. शिवतेज त्याच्या जागी असता तर त्यानंही तेच केलं असतं. नातेवाइकांकडं शब्द टाकून पाहिला. विट्यात तोवर पसरलं होतं की आकारामच्या पोराचं खातं पोलिसांनी बांधलंय. चहाच्या टपरीवर बाळासो, त्याचा वर्गमित्र, सगळ्यांसमोर म्हणाला, याला चहा द्या पण पैसे रोख घ्या, ऑनलाइन घेतले तर टपरी सील होईल. सगळे हसले. शिवतेजही हसला. त्यानं रोखच दिले.

इरोडच्या घरमालकाला त्यानं तमिळमध्ये फार विनवलं. पाटल्यांचे पैसे पाठवतो, बाकीचे मागाहून. पलीकडून कॉफी ओतल्याचा आवाज येत राहिला.

दसरा गेला.

*

आकाराम मिरजेला उतरला. दोन पिशव्या आणि एक वळकटी. शिवतेज गाडी घेऊन आला होता. बापानं सामान त्याच्याकडं दिलं नाही, स्वतःच मागच्या सीटवर ठेवलं.

सांगितलं ते थोडक्यात. गाळा साडीवाल्यानं घेतला. भट्टी आकारामनं स्वतःच्या हातानं फोडली, दुसऱ्यानं फोडलेली बघवली नसती. चिमटे, सोनं वितळवायच्या मुशी एका ओळखीच्याला दिल्या. दुकानात झाडलेली माती गलाईवाला कधी टाकत नाही, तिच्यात सोन्याचे कण असतात, वर्षाकाठी ती धुऊन त्याचे पैसे होतात. यंदाची माती तिथंच कोपऱ्यात राहिली. लक्षात होती, आकाराम म्हणाला. न्यावीशी वाटली नाही.

कसोटीचा दगड तेवढा आणला होता. तो फडक्यात गुंडाळून शर्टाच्या आतल्या खिशात होता आणि त्याच्या वजनानं शर्ट एका बाजूला ओढला गेला होता.

सांगली मागं पडली. बाहेर उसाच्या गाड्या लागल्या होत्या. आकाराम खिडकीतून विजेच्या तारा बघत होता.

"त्या पोराला गाव इचारलंस?"

"इचारलं, आबा."

"भावकी?"

"ती बी."

"दुकान?"

"कोंडीबाचं. खरं निघालं समदं."

आकारामनं न वळता हात पुढं करून शिवतेजच्या गुडघ्यावर ठेवला. त्या हाताला अजून भट्टीचा वास होता.

"मग तू न्हाई चुकलास, शिवा," तो म्हणाला. "आपली रीतच खोटी पडली."

शिवतेजनं गाडी चालवत ठेवली. बापानं हात काढावा असं त्याला वाटत होतं. विटं येईपर्यंत त्यानं तो काढला नाही.

इरोडचा घरमालक पैसे गुढीपाडव्यालाच घ्यायला तयार होता. दसऱ्यापर्यंतची मुदत शिवतेजनंच मागून घेतली होती, तोवर पैसे फिरवायला.